अर्धा तास थांबा

दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवता फिरवता सायकालचा हात थांबला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचा वण असतोच, गोल, नाण्याएवढा, सोव्हिएत काळातला. लोकांच्या बाह्या वर करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि तो वण तिला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. हा वण तसला नव्हता. दोन कमानी होत्या, एक वर, एक खाली, मधे अंगठ्याएवढं अंतर. मांस एकदा तुटून पुन्हा कसंबसं भरून आलं होतं. खालच्या कमानीत एका जागी मात्र कातडी साफ होती, तिथं दात लागलाच नव्हता. तिच्या धाकट्या बहिणीला, जिपारला, अकराव्या वर्षी गाढवानं लाथ मारली होती आणि तिचा खालचा एक दात गेला होता, तो पुन्हा आला नाही. शाळेत पोरं तिला खिडकी म्हणायची. सायकालनं बोळा तसाच दाबून धरला. स्पिरिटचा एक थेंब समोरच्याच्या कोपरापर्यंत ओघळला.

"घाबरू नका, जुनं आहे ते," खुर्चीतला माणूस हसून म्हणाला. "तरुणपणी कुत्री चावली होती. खुशाल टोचा."

मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले. हा विनोद त्यानं सत्तावीस वर्षांत किती वेळा केला असेल कुणास ठाऊक, फार सहज आला तो तोंडातून. सायकालच्या तोंडावर मास्क होता, कपाळापर्यंत टोपी होती. डोळे तेवढे उघडे होते, ते तिनं टेबलावरच्या पासपोर्टकडे वळवले. नाव होतं ताशतान. फोटोतला माणूस टकला, पांढऱ्या दाढीचा, कुठल्याही हाजीसारखा. ओश शहराच्या बाजारात हा तिच्या शेजारी उभा राहून जर्दाळू निवडत असता तरी तिनं ओळखला नसता. आणि आज तिच्या दवाखान्यात, पांढराशुभ्र सदरा घालून, दंड उघडा टाकून, तो तिच्या बहिणीला कुत्री म्हणत होता.

"हात सैल सोडा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

भुकटीच्या कुपीत पाणी सोडायचं, हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं. हे करायला तिला डोळे लागत नसत. कुपी हलवताना तिला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. जाड, निळसर, दाढी संपते तिथून खाली उतरलेली, आणि ती उडत होती. इंचभराची सुई. तिनं ती शिरेत घुसलेली पाहिली, अगदी स्पष्ट, मुठीपर्यंत. मग डोळ्यात घुसलेली पाहिली. तो खुर्चीसकट उलटला, पांढरा सदरा लाल झाला, आणि हे सगळं पाहताना तिला भीती वाटली नाही. बरं वाटलं. भूक लागली असताना भाकरीचा वास यावा तसं बरं वाटलं, आणि त्याचीच मग तिला शिसारी आली. पण इतकं सगळं कशाला? सिरिंजमधलं औषध बोळ्यावर पिचकारून टाकलं आणि नुसतं पाणी टोचलं तर कोणाला कळणार होतं? त्याहून सोपं म्हणजे लशीच्या पुस्तिकेत आजच्याऐवजी उद्याची तारीख घालायची. मेंदूज्वराची लस पोचायच्या आधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. हजला निघालेल्या यांच्या तुकडीचं विमान बरोबर दहा दिवसांनी उतरणार होतं. आजचा दिवस शेवटचा. तारखेचा एक आकडा चुकला की विमानतळावर पुस्तिका उघडून कोणीतरी मान हलवेल आणि हा घरी परत येईल. आठ वर्षं नंबर लावून बसलोय असं तो मघाशी रांगेत सगळ्यांना सांगत होता. आठ वर्षं. जिपारला त्याच्या घरात चार महिने मिळाले होते.

तिनं सुई टोचली. वणाच्या दोन बोटं खाली, काटकोनात, औषध सगळं आत गेलं. असं का केलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. हाताला सवय होती, एवढंच. पुस्तिकेत तिनं आजची तारीख लिहिली, कुपीचा क्रमांक लिहिला, सही केली, शिक्का मारला.

"भिंतीशी खुर्च्या आहेत. अर्धा तास थांबा," ती म्हणाली. "खाज सुटली, दम लागला तर हाक मारा. तिकडे गेल्यावर मास्क लावा, उन्हात छत्री घ्या, उंटाला हात लावू नका, उंटिणीचं कच्चं दूध पिऊ नका."

"घोडीचं चालेल का पण?" रांगेतला एक म्हातारा म्हणाला.

"मक्केत घोडी कुठून आणणार तू?" दुसरा म्हणाला. "सामानात बांधून?"

पुन्हा हशा. ताशतान उठला, बाही खाली केली आणि जाता जाता रांगेकडे तोंड करून छातीवर हात ठेवून म्हणाला, "मंडळी, माझ्या हातून, माझ्या तोंडून कोणाचं काही दुखलं असेल तर माझ्यावर राजी व्हा." हजला निघालेला माणूस हे म्हणतोच. महिनाभर आधीपासून तो घरोघर फिरतो, भावकीत, शेजारात, जुन्या वैऱ्याच्या दारात, आणि राजी व्हा, मनात काही ठेवू नका म्हणतो. समोरच्यानं राजी आहे म्हणायचं आणि तूही हो म्हणायचं. तो शब्द मिळाल्याशिवाय गेलं तर सगळी यात्रा वाऱ्यावर गेली असं मानतात. "राजी, राजी, तुम्हीही राजी व्हा," रांग एका सुरात म्हणाली. या आठवड्यात सायकालनंही दोनशे वेळा तरी म्हटलं असेल, मान वर न करता. आज तिनं कुपीचं झाकण फोडलं आणि पुढच्याची बाही वर केली.

ताशतान तिच्या पाठीमागे बसला होता. न वळताही तिला तो दिसत होता. दंडावर बोळा दाबून, गुडघे फाकवून बसला असणार. पुढचा दंड, त्याच्या पुढचा दंड. जिपार तेव्हा एकोणीस वर्षांची होती, ओशला शिवणकाम शिकत होती आणि सुट्टीला गावी, काराबुलाकला, आली होती. बसथांब्यापासून घरापर्यंत दहा मिनिटांचं अंतर. चौघांनी तिला गाडीत कोंबलं. सायकालला हे सगळं जिपारनंच पुढे सांगितलं होतं, तुकड्या तुकड्यांनी. त्यातल्या एकानं, ताशताननं, तिचं तोंड दाबलं होतं, त्याचा दंड तिच्या दातांत आला. "सोडलाच नाही मी, एजे," ती म्हणाली होती. मोठ्या बहिणीला ती एजे म्हणायची, तो शब्द लांबवून, लाडात. "रक्त घशात गेलं माझ्या. त्यानं दार उघडून माझं डोकं दारात धरलं आणि दार आपटलं, तेव्हा सुटला." मग घर. पडद्यामागचा कोपरा. पाचसहा बायका पांढरा रुमाल, बांधला की लग्नाला होकार मानतात तो, घेऊन तिच्या डोक्यावर बांधायला बघतायत, ती ओढून फेकतेय, पुन्हा बांधतायत. गोड बोलतायत, चिमटे काढतायत, आमचंही असंच झालं म्हणतायत. ताशतानची आजी उंबऱ्यात आडवी पडली होती. म्हातारीला ओलांडून गेलीस तर जन्माची शापित होशील. जिपारनं दोनदा पाय उचलला होता आणि दोनदा खाली ठेवला होता. तिच्या जागी मी असते तर ओलांडली असती का, हा प्रश्न सायकालनं स्वतःला विचारला नाही असं या सत्तावीस वर्षांत एकही वर्ष गेलं नाही. उत्तर तिला माहीत होतं म्हणूनच विचारत होती.

"कुठं लक्ष आहे तुझं, सायकाल पोरी? दंड इकडे आहे माझा." उर्कया आपा खुर्चीत बसून बाही धरून होती. पंचाहत्तरीची म्हातारी, बडबडी, शेजारच्या गल्लीतली. "पाहिलंत का, काराबुलाकच्या पोरी अशाच. हातात सुई आणि डोकं डोंगरावर."

सायकालनं तिच्या दंडावर बोळा फिरवला. पाठीमागे खुर्ची करकरली ते तिनं ऐकलं. दुसऱ्या कोणाची खुर्ची तशी करकरली नव्हती. आता त्याला कळलं होतं. काराबुलाकची, नर्स, सायकाल नावाची, अशी एकच होती.

लोकांना वाटतं रागाला एकच तोंड असतं. सायकालच्या रागाला दोन होती आणि दुसरं तिच्याकडेच वळलेलं होतं. हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही, पोरींना सांगितलं नाही, आईला सांगायची गरज नव्हती कारण आई तेव्हा शेजारीच उभी होती. चौथ्या महिन्यात जिपार चालत आली होती. भरदिवसा, अकराच्या सुमाराला, नऊ मैल. तेव्हा सायकाल गावच्या आरोग्य केंद्रात एकटीच होती. जिपार दारात उभी राहिली आणि हसायला गेली, पण तिला हसता येईना, एका बाजूनं जबडा सुजून निळा झाला होता. घोड्याच्या लगामानं मारलं होतं, पाठीवर लगामाच्या कड्यांचे ठसे होते, मोजता येतील असे. श्वास घेताना ती डाव्या कुशीवर हात धरत होती. बरगडी मोडली होती, दोन असतील, हे सायकालला बोट लावताक्षणी कळलं. सायकाल चोवीस वर्षांची होती. तिचं लग्न ठरलं होतं, ओशच्या चांगल्या घरात, शिक्षकाच्या मुलाशी, रीतसर मागणी घालून, सप्टेंबरात. परत आलेल्या मुलीच्या बहिणीला त्या घरानं करून घेतलं नसतं. असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणावंही लागलं नाही. आई आली, तिनं जिपारकडे पाहिलं, मग सायकालकडे पाहिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिनं निर्णय थोरल्या पोरीवर सोडला. आणि पोरीनं तो घेतला.

तिनं जखमा धुतल्या, कपाळावर तीन टाके घातले, छाती पट्ट्यांनी आवळून बांधली. फार व्यवस्थित बांधली. दुखणं थांबवायच्या, अॅनाल्जिनच्या आठ गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिल्या, दोन सकाळी, दोन संध्याकाळी, रिकाम्या पोटी घेऊ नकोस म्हणून सांगितलं. प्रवासाला निघणाऱ्याला सांगतात तसं सगळं सांगितलं. "मूल झालं की तो निवळेल," ती म्हणाली. "मिटवून घे, जिपार. आता परत कसं येणार?" जिपारनं ओरडाआरडा केला नाही, पाया पडली नाही. ती म्हणाली, "एजे, मी इथं पलंगाखाली झोपेन. कोणाला दिसणार नाही." हे वाक्य. बाकी सगळं पुसट होत गेलं, आईचा चेहरासुद्धा, पण हे वाक्य जसंच्या तसं राहिलं, आवाजासकट. दुपारी दुधाचा ट्रक ताशतानच्या गावाच्या बाजूला जायचा. सायकालनं तिला हाताला धरून ट्रकमध्ये चढवलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. दार नीट लागत नव्हतं, तिनं खांदा लावून लावलं.

अकराव्या दिवशी तिला शेवटची अंघोळ घालायला सायकालच गेली. घोड्यानं तुडवलं असं त्या घरानं सांगितलं होतं. पट्ट्या तशाच होत्या. लगामाच्या ठशांवर खुरासारखे ठसे होते, आणि ते घोड्याचे नसून नाल मारलेल्या बुटांचे आहेत हे पाणी ओतणाऱ्या सगळ्या बायकांना दिसत होतं. कोणी बोललं नाही. रुमालात अॅनाल्जिनच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. वडीलधारे बसले, भरपाईत दोन घोडे आणि एक गाय आली, पोलिसाला कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पाजलं, तो घोड्यांचं कौतुक करून गेला. सप्टेंबरात सायकालचं लग्न झालं. चांगला नवरा मिळाला, अजून चांगला आहे. कधी कधी तो झोपेत तिच्या कुशीवर हात टाकतो आणि ती तो उचलून बाजूला ठेवते, त्याला वाटतं तिला उकडतं.

"अर्धा तास झाला," तिच्या मागे आवाज आला.

ती वळली. ताशतान टेबलाच्या पलीकडे उभा होता. आता त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं. डोळे ओले होते आणि ते ढोंग नव्हतं, हे तिला दिसलं आणि फार वाईट वाटलं, कारण ढोंगाशी तिला लढता आलं असतं.

"सायकाल," तो म्हणाला. "मी तुझं घर शोधत होतो. काराबुलाकला गेलो होतो महिन्यापूर्वी. तुझे वडील गेले, आई गेली. लोक म्हणाले ओशला आहे, पत्ता कोणी देईना. अल्लानंच आणलं मला इथं." तिचा उजवा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला. तळवे गरम होते. "माझ्यावर राजी हो. सगळ्यांनी म्हटलंय. तू एकटी राहिलीस."

रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हण ना, बाई."

"कुत्री चावली होती ना तुला?" सायकाल म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "जीभ जळो माझी. सवयीनं गेलं. लोकांना काय सांगू दुसरं?" त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. "मी दारू सोडली. सोळा वर्षं झाली. नमाज चुकवत नाही. तिथं गेल्यावर पहिल्यांदा तिच्या नावानं दुवा मागेन, माझ्या आईच्याही आधी. तुझ्याही नावानं मागेन. तू एकदा म्हण."

"म्हणून टाक, पोरी," उर्कया आपा भिंतीशी बसल्या बसल्या म्हणाली. दंडावर बोळा होता तिच्या. "काय असेल ते असेल. माणूस अल्लाच्या घरी निघालाय. शब्दच तर आहे."

आणि तो शब्द सायकालच्या जिभेवर आला. खरंच आला. तो म्हटला की संपलं, हे तिला स्वच्छ दिसलं. याला सोडलं की आपणही सुटलो. हा तिथं जाईल, दोघांच्या वतीनं रडेल, आणि इथं आपण दुपारचा चहा घेऊ, घरी जाऊन पोरीला फोन करू, रात्री नवऱ्याचा हात कुशीवर राहू देऊ. सत्तावीस वर्षांत असं कोणी तिच्या दारात आलं नव्हतं. सुटका घेऊन आलं होतं कोणी तर तो हाच. तिनं मास्क खाली ओढला. सगळ्यांना वाटलं आता म्हणेल. त्यालाही वाटलं. त्याचा चेहरा उजळला, आणि त्या उजळलेल्या चेहऱ्यानं, मोकळा होत, मनापासून तो म्हणाला,

"मी तर तुझ्यावर कधीचाच राजी आहे, सायकाल. तू शहाण्यासारखं वागलीस तेव्हा. दुसरी असती तर बहिणीला घरात ठेवून घेतली असती, दोन गावांत वैर झालं असतं. तू तिला नीट मलमपट्टी करून परत पाठवलीस. आमच्या घरात तुझं नाव कायम चांगलंच घेतलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते माझे. फार आभार."

तिचा डावा हात मोकळा होता. त्या हाताला स्टीलचा ट्रे लागला, कुपी आणि बोळ्यांसकट. पहिला फटका त्याच्या नाकावर बसला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तो तिनं हातातून ऐकला. दुसरा गालावर, ट्रेच्या कडेनं. त्यानं तिचा उजवा हात सोडला नव्हता, हिसका बसून तो गुडघ्यावर आला तरी सोडला नव्हता, म्हणून तिसरा मारावा लागला, डोक्यावर, आणि तो खुर्च्यांच्या पायांत कोसळला. काचा सगळीकडे झाल्या. सदऱ्यावर रक्त भराभर पसरत होतं. चौथ्यासाठी तिचा हात वर गेला होता. हात वर असताना तिनं खाली पाहिलं, पडलेल्या माणसाच्या कुशीकडे, आणि तिच्या पायात दवाखान्याचे रबरी बूट होते, आणि तिच्या लक्षात आलं की आपण लाथेसाठी जागा शोधतोय. तेव्हा तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

तिनं खाली बसून त्याचं डोकं पुढे वाकवलं आणि नाकाखाली कापूस धरला. "तोंडानं श्वास घ्या," ती म्हणाली. तो घेऊ लागला.

शेजारच्या खोलीतून डॉक्टर मीरगुल धावत आली. दवाखान्याची प्रमुख तीच होती, सायकालपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शिस्तीची. दारातच तिनं काचा पाहिल्या, रक्त पाहिलं.

"काय झालं इथं?"

उर्कया आपा म्हणाली, "चक्कर आली त्याला. सुई सोसली नाही. टेबलावर आपटला बिचारा."

"हो, टेबलावर," रांगेतला म्हातारा म्हणाला. "आम्ही पाहिलं ना." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळे हजला निघाले होते आणि सगळ्यांना हे मिटायला हवं होतं.

ताशताननं कापसाआडून डॉक्टरकडे पाहिलं. "चक्कर आली," तो म्हणाला. मग सायकालकडे पाहून पुटपुटला, "आता तरी म्हण. मी सांभाळून घेतलं तुला."

"चक्कर नाही आली," सायकाल म्हणाली. "मी मारलं. ट्रेनं, तीनदा." ती उठली आणि त्याची पिवळी पुस्तिका टेबलावरून उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "यांची लस झालेली आहे. कागद बरोबर आहेत. यांना जाऊ द्या, नाक शिवून जाऊ द्या. पण मी राजी नाही."

उर्कया आपानं तोंडावर रुमालाचं टोक धरलं. मीरगुल काचांवरून पाय टाकत जवळ आली. ती ओरडली नाही. तिनं सायकालचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं, त्याच खुर्चीत, जिथं सकाळपासून माणसं बसत होती.

"सायकाल एजे, तुमची नोकरी जाईल. पोलीस येतील. मला लिहून द्यावं लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "काय केलं होतं या माणसानं तुम्हाला?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सायकालला ते सगळं ओळीनं सांगायचं होतं, गाडीच्या दारापासून. तिनं तोंड उघडलं.

"त्यानं माझे आभार मानले," ती म्हणाली.